५५-२५० घेऊन भिगवणला, ट्रायपॉड घरीच

कॅननची ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम ही झूम लेन्स सेकंड हँड नऊ हजाराला घेतली त्याला दोन हिवाळे झाले. लेन्स २०१३ची, पण काही बिघडत नाही. वजन ३७५ ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो वांग्यांपेक्षाही कमी, त्यामुळे सॅकमध्ये आहे हेच विसरायला होतं आणि म्हणूनच ती दरवेळी सोबत येते. मित्राकडे दोन किलोची १५०-६०० आहे, ती निम्म्या वेळा घरीच कपाटात असते.

खरी परीक्षा झाली भिगवणला, उजनीच्या बॅकवॉटरमध्ये. पहाटे कुंभारगावातून होडी घेतली. होडीत ट्रायपॉड लावून उपयोग शून्य, होडी हलली की तोही हलतो, त्यामुळे सगळं हातातच. नावाडी दादा म्हणाले, "इंजिन बंद करतो, हळूच काढा, उठवायचं नाही त्यांना." समोर शे-दीडशे फ्लेमिंगो, माना पाण्यात. शटरचं बटण अर्धं दाबलं की आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरणारी लेन्समधली यंत्रणा, चालू होतं आणि व्ह्यूफाइंडरमधलं थरथरणारं चित्र असं एकदम शांत बसतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नुसताच दोन-तीनदा दाबून सोडून बघत बसलो होतो. माझ्या २००डी कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे त्यावर २५० मिमी म्हणजे फ्रेममध्ये ४०० मिमीसारखं दिसतं, म्हणजे जुन्या हिशोबाने (जितके मिमी, तितकावा सेकंदाचा भाग) हातात १/४०० सेकंद तरी शटर हवं, पण उभ्या बगळ्याचा १/६०ला काढलेला फोटो डोळ्यापर्यंत शार्प आलाय. दहातले चार येतात, सगळे नाही, हे पण सांगतो.

पण आयएस तुमचा हात थांबवतं, पक्षी थांबवत नाही! हे मला तिथेच कळलं, थवा पाण्यावर धावत उठला आणि मी १/२०० वरच अडकलेलो, सगळ्या पंखांचा गुलाबी चिखल. उडत्या पक्ष्याला १/१००० पाहिजेच, आणि २५०ला अ‍ॅपर्चर ५.६ असल्याने, म्हणजे प्रकाश कमीच आत येत असल्याने, पहाटे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००-३२०० करावाच लागतो. त्याने फोटोत दाणे दिसतात, दिसू देत.

एक गोष्ट सवयीची आहे, मॅन्युअल फोकसची रिंग मोटरवर चालते, कॅमेरा बंद असला की नुसती गरगर फिरते. ऑटोफोकस मात्र जवळजवळ बिनआवाजी, आणि जवळचं ८५ सेंटीमीटरवर घेते, त्यामुळे परतताना काठावरच्या चतुराचा पण फोटो मिळाला, तोच त्या दिवसातला सगळ्यात भारी निघाला, फ्लेमिंगो बिचारे राहिले बाजूला.

कॅननचा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, डीएसएलआर असेल तर ही घेऊ नका, बसतच नाही. मिररलेस आर सिरीज असेल तर अ‍ॅडाप्टर लावून चालते. सेकंड हँड घेताना २५०ला झूम करून, आयएस एकदा चालू एकदा बंद ठेवून दुकानातल्या पाटीवरची बारीक अक्षरं काढून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मला विकणाऱ्याने हूड (लेन्सपुढे लावायचं, ऊन अडवणारं कडं) दिलं नव्हतं आणि मीही मागितलं नाही, आता या लेन्सचं ईटी-६३ हूड शोधतोय, कुणाकडे जादा पडलं असेल तर सांगा.