न्यूट्रिएंट अगार पावडर: माल उत्तम, बाटली मोठी

जिवाणू वाढवायच्या या पावडरीत खोट नाही, आधीच सांगितलेलं बरं. 28 ग्रॅममध्ये अगार (थिजवणारा पदार्थ) 15, पेप्टोन (पचवलेली प्रथिनं) 5, मीठ 5, बीफ आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट दीड-दीड ग्रॅम. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरला एवढं पुरतं. ई. कोलाय, बॅसिलस सबटिलिस, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, तिन्ही जिवाणू 37 अंशांवर 24 तासांत स्वच्छ, सुट्या कॉलनी (डोळ्यांना दिसणारे जिवाणूंचे ठिपके) देतात. न्यूमोकॉकससारख्या नखरेल जिवाणूंसाठी मात्र ब्लड अगारच, म्हणजे रक्त घातलेला अगार हवा.

अडचण 500 ग्रॅमच्या बाटलीची. तिच्यात 20 मिलीच्या जवळजवळ 890 प्लेट होतात. लहान कॉलेजला त्या संपवायला वर्ष लागतं, आणि मध्ये ठाण्याचा जुलै येतो. झाकण उघडं राहिलं की पावडर ओल ओढते, गुठळ्या होतात. मग 28 ग्रॅम तोलले तरी त्यात काही भाग पाणीच असतं. प्लेट मऊ येते, स्ट्रीक करताना, म्हणजे जिवाणू रेघांनी पसरताना, लूप (तारेची कडी) रुततो आणि दोष ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला दिला जातो. 100 ग्रॅमची बाटली प्रति ग्रॅम महाग पडते, तरी तीच घ्यावी.

प्रॅक्टिकलला 7 ग्रॅम पावडर, 250 मिली पाणी, 500 मिलीचा फ्लास्क. त्याहून भरला तर उकळून बूच भिजतं. ऑटोक्लेव्हआधी ढवळत उकळून घ्यावं, नाहीतर अगार तळाशी बसतो: वरच्या प्लेट पातळ, शेवटच्या दगड. 121 अंश, 15 पौंड, 15 मिनिटं. 45 ते 50 अंशांवर ओतावं. जास्त गरम ओतलं की झाकणाला पाणी धरतं, थेंब पडून कॉलनी एकमेकींत मिसळतात. म्हणूनच प्लेट उलटी ठेवतात.

लेबलवर "जलद वाढ" छापलंय, ते पावडरीचं कर्तृत्व नव्हे. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुभंगतो. वेग तसाच टिकला तर 7 तासांत एकाचे वीस लाखांवर होतात. सुरुवातीची सुस्ती आणि नंतर संपत आलेलं अन्न यामुळे प्लेटवर तसं होत नाही, म्हणून मोजणी 24 तासांनीच करावी. 30 ते 300 कॉलनींची प्लेट धरावी.

नवी बाटली फोडली की एक प्लेट काहीही न लावता इन्क्युबेटरमध्ये ठेवावी. तिच्यावर काही उगवलं तर पावडरीला नाही, ओतणाऱ्या हाताला किंवा ऑटोक्लेव्हला विचारावं.