आठ महिन्यांनंतर: वेबसाइट-बिल्डर ठीक आहे, पण मराठी मथळ्यांचं काय?

दादरच्या एका फराळवाल्यांची साइट आठ महिने या बिल्डरवर (कोड न लिहिता साइट उभारायच्या साधनावर) आहे. आत बूटस्ट्रॅप ५, म्हणजे पानाच्या मांडणीचे तयार नियम, असल्यामुळे बारा कॉलम, स्क्रीनच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे ब्रेकपॉइंट वगैरे उगाळत नाही. गाडी अडते ती मथळ्यात.

‘मुलुंड-भांडुपमध्ये दिवाळीपर्यंत घरपोच’ हा मथळा मोबाइलवर दोन ओळींत तुटतो. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ‘पर्यंत’चा रफार थेट एकमेकांच्या अंगावर! आधी खापर फाँटवर फोडलं. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट-संस्थेचा मुक्ता काढून पॉपिन्स लावला, तरी तेच. मुक्ता निर्दोष. बूटस्ट्रॅपमध्ये मजकुराची लाइन-हाइट (अक्षराच्या आकाराच्या पटीत ओळीची उंची) १.५ असते, पण एचवन ते एचसिक्स या मथळ्यांची १.२. ३६० पिक्सेल रुंद स्क्रीनवर एचटू साधारण २४.४ पिक्सेलचा होतो, म्हणजे ओळीच्या वाट्याला जेमतेम २९ पिक्सेल. इंग्रजीचं त्यात भागतं. वर वेलांटी-रफार, खाली उकार असा संसार मांडणाऱ्या देवनागरीचं भागत नाही. १.५ केलं की ३६-३७ पिक्सेल मिळतात आणि अक्षरं श्वास घेतात.

पण हे बदलायला बटणच नाही. कस्टम सीएसएस, म्हणजे दिसण्याचे आपले नियम, फक्त महागड्या प्लॅनमध्ये. एका ओळीसाठी वर्षभराचे जादा पैसे! ते भरूनही नियम लागेना, कारण बिल्डर आपली सीएसएस आधी आणि बूटस्ट्रॅप नंतर लोड करतो. सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) सारख्याच वजनाचे असले की नंतरचा जिंकतो. सपोर्टचं उत्तर तीनदा एकच: कॅशे साफ करा. नुसत्या ‘एचटू’ऐवजी ‘बॉडी एचटू’ लिहिल्यावर वजन वाढलं आणि नियम लागला. कार्डांच्या नावांवरचं, लांब मजकूर तोडणारं टेक्स्ट-ट्रंकेटही काढा, त्यातल्या चौकटीबाहेरचं लपवणाऱ्या ओव्हरफ्लो हिडनमुळे ‘लाडू’चा ऊकार खालून छाटला जातो.

जाता जाता: सेक्शन ‘फुल विड्थ’ केला की बिल्डर कंटेनर (बाजूला मोकळी जागा ठेवणारी बाहेरची चौकट) काढतो, पण आतल्या रो-चं उणे १२ पिक्सेलचं मार्जिन तसंच राहतं. मग मोबाइलवर पान आडवं सरकतं. रो-ला जी-झीरो हा, ती जागा शून्य करणारा क्लास द्या.

दोन तारे देणार होतो, साडेतीन देतोय. स्वस्त प्लॅनमधल्या एचटीएमएल ब्लॉकमध्ये स्टाइल टॅग (सीएसएस लिहायची जागा) चालतो, हे उशिरा कळलं. फूटरमध्ये टाकला की सगळ्या पानांवर लागतो, आणि तो बूटस्ट्रॅपनंतर येत असल्यामुळे ‘बॉडी’ही जोडावं लागत नाही. पुढच्या वर्षी महागडा प्लॅन बंद.