कर्लीच्या खाडीत नऊ महिने: पाणी तपासायच्या संचाचा अनुभव

मालवणजवळच्या देवबागात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. खाडीकडच्या आम्ही सात जणांनी ऑक्टोबरात वर्गणी काढून हा संच घेतला. तिसऱ्या (खाडीतले खायचे शिंपले) काढणाऱ्या दोघी, दोन होडीवाले, बाकी आम्ही.

पाणी किती गढूळ ते सांगणारी सेकी तबकडी सगळ्यांनाच लगेच जमली. 20 सेंटीमीटरची, काळी-पांढरी. पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. ओढीत ती तिरकी जाते, म्हणून खाली जाळ्याचं शिसं बांधलं. उथळात ती दिसेनाशी व्हायच्या आधीच तळाला टेकते. तेव्हा आकडा न लिहिता 'तळ दिसला' एवढंच लिहा.

क्षारमापीला एक थेंब पुरतो. समुद्राचं पाणी 35च्या (हजार भागांत 35 भाग क्षार) आसपास, पावसात खाडी जवळजवळ गोडी. दर वेळी शुद्ध पाण्याने शून्य लावून घ्या. पीएचच्या पट्ट्या मात्र घेऊ नका. खाऱ्या पाण्यातला फरक इतका बारीक असतो की पट्टीच्या रंगावरून कळतच नाही.

खरा पैसा वसूल झाला तो प्राणवायूच्या बाटल्यांत. बुडबुडा न राहता बाटली भरायची, संचातली दोन रसायनं घालायची. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर नाही. पुढे आम्ल, स्टार्च आणि निळा रंग जाईपर्यंत थेंब मोजणं; थेंब कमी लागले तर प्राणवायू कमी. हातमोजे हवेतच, आणि उरलेलं पाणी खाडीत ओतू नका.

पहिले दोन महिने आम्ही दुपारी सोयीने जायचो आणि सगळं छान दिसायचं. शेजारचे म्हातारे काका म्हणाले, "भरतीक बघलंस तर पाणी साफच गावतलां. सुकतीक ये." अमावस्या-पौर्णिमेला इथे सुकती, म्हणजे ओहोटी, पहाटे येते. रात्रभर शेवाळ प्राणवायू घेतच असतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी. डिसेंबरातल्या अमावस्येला व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी दुपारच्या निम्मेच थेंब लागले. तिसऱ्यावाल्या बायका तिथे हल्ली मेलेले शिंपले जास्त मिळतात म्हणत होत्या, आणि आम्ही ते वहीत लिहीतसुद्धा नव्हतो. तेव्हापासून बाटल्या दर अमावस्या-पौर्णिमेला, त्याच दगडाजवळ, पहाटे. तबकडी उन्हं वर आल्यावर.

सांडपाण्यातले जंतू या संचात कळत नाहीत. त्यासाठी नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. तिसऱ्या आमच्याच ताटात येतात, म्हणून मला तीच तपासणी सगळ्यात आधी हवी आहे. ती सोय अजून झालेली नाही.