टेस्टोस्टेरॉन कमी आलंय: क्लोमिफिन, टॅमॉक्सिफेन की थेट इंजेक्शन?

रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर टेस्टोस्टेरॉनवर खिळते. औषध निवडायचं तर आधी एलएच बघा, म्हणजे अंडकोषांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन. (टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी, आणि एकदा नव्हे, दोनदा.)

पुरुषाच्या शरीरातही इस्ट्रोजेन असतं. अरोमाटेज हे एन्झाइम ते टेस्टोस्टेरॉनपासूनच बनवतं. ते पुरेसं दिसलं की मेंदू एलएच आणि एफएसएच (शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन) आवरतं घेतो. क्लोमिफिन आणि टॅमॉक्सिफेन या गोळ्या मेंदूतली इस्ट्रोजेनची रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, अडवतात. मग मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच वाढवते, अंडकोष स्वतःच जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि शुक्राणूंचं कामही चालू राहतं.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचं नेमकं उलट. रक्तातला आकडा हमखास चढतो, पण बाहेरून मिळतंय म्हटल्यावर एलएच दबतं, अंडकोषाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन घसरतं आणि शुक्राणू पार शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शन थांबवल्यावर ते परतायला कित्येक महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. मूल हवं असलेल्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. शिवाय रक्त दाट होतंय का, यावरही लक्ष ठेवावं लागतं.

मात्र एलएच आधीच चढलेलं असेल, तर गोळ्यांनी ते आणखी वाढवून फारसं काही साधत नाही. दोष अंडकोषातच आहे. पिट्यूटरी निकामी असेल तरीही गोळ्या फुकट.

आता दोन गोळ्यांपैकी कोणती? टेस्टोस्टेरॉन वाढवायला सहसा क्लोमिफिन देतात, रोज 25 मिलिग्रॅम किंवा एक दिवसाआड 50. यात दोन घटक असतात: एनक्लोमिफिन लवकर निघून जातं, झुक्लोमिफिन मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळतं आणि त्याचा थोडा इस्ट्रोजेनसारखाही परिणाम होतो. आकडा सुधारला पण उत्साह काही आला नाही, ही तक्रार म्हणूनच नवलाची नाही. छातीला नुकतीच दुखरी सूज आली असेल तर टॅमॉक्सिफेन सरस. जुनी, घट्ट झालेली गाठ त्याला दाद देत नाही.

पुरुषांतला हा वापर दोन्ही गोळ्यांच्या मूळ मंजुरीबाहेरचा, त्यामुळे डॉक्टरांशिवाय नको. रक्ताची गुठळी पूर्वी झाली असेल तर ते आधीच सांगा. क्लोमिफिनवर डोळ्यांपुढे चमकायला किंवा धूसर दिसायला लागलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टरांना दाखवा. स्पर्धेत उतरणाऱ्यांना दोन्ही वर्ज्य, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहेत. आणि शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, तेव्हा तीन महिन्यांच्या आत वीर्यतपासणी करून निराश होऊ नका.