शासकीय स्त्री रुग्णालयातील मिडवाइफ सेवा: एका सोबतिणीचा अभिप्राय

मराठवाड्यातील एका शासकीय स्त्री रुग्णालयात माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळंतपण झाले आणि प्रसूतीकक्षात तिची सोबतीण म्हणून मी राहिले. हा अभिप्राय तेथे मिडवाइफ म्हणून काम करणाऱ्या परिचारिकांच्या सेवेपुरता आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार नोंदणीकृत परिचारिकेला १८ महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण मिळते आणि गुंतागुंत नसलेले बाळंतपण ती स्वतःच्या जबाबदारीवर करू शकते.

या सेवेचे खरे मोल मला कळांच्या सुरुवातीच्या तासांत दिसले. गर्भाशयाचे तोंड तीन सेंटिमीटर उघडले होते आणि आमच्या आत्या ‘कळांची सुई लावा, मोकळी होऊ द्या’ असा धोशा लावून होत्या. मिडवाइफने त्यांना बाजूला बसवून सांगितले की पहिलटकरणीला वेळ लागतोच, जागतिक आरोग्य संघटनाही कळांचा वेगवान टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरते, आणि बाळाचे ठोके नीट असताना घाई केली तर त्रासच वाढतो. बहिणीला तिने चालायला लावले, पाणी पाजले, कुशीवर कसे वळावे ते दाखवले आणि दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके मोजून पार्टोग्राफवर, म्हणजे कळांच्या प्रगतीच्या तक्त्यावर, नोंदवले. एवढे शांतपणे समजावणारे कोणी तिथे नसते, तर आत्यांचा धीर सुटून आम्ही खासगी दवाखान्याची वाट धरली असती, असे मला वाटते.

आपल्या कामाची हद्द या परिचारिकांना पक्की ठाऊक आहे, ही दुसरी जमेची बाजू. शेजारच्या खाटेवर ऊसतोडीच्या फडावरून थेट आलेली एक बाई होती. टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या बायकांच्या तपासण्या मध्येच तुटतात, हे बीडकडच्या माणसाला नव्याने सांगायला नको. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावरही चौथ्या महिन्यानंतर नोंद नव्हती. ‘माय, काही खाल्लंस का?’ हे मिडवाइफने आधी विचारले आणि मग रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन सातच्या खाली आल्याचे कळताच तिने ते बाळंतपण स्वतःकडे न ठेवता डॉक्टरांना बोलावले आणि रक्ताची सोय होईपर्यंत त्या बाईची खाट सोडली नाही.

रात्री पाळी बदलली आणि चित्रही बदलले. मिडवाइफ घरी गेल्या. आलेल्या परिचारिकेने बहिणीला उताणे झोपवले, ‘ओरडू नको’ म्हणून दटावले आणि पडदा न ओढताच तपासणी केली. तिच्यावर एकटीवर किती खाटांचा भार होता, हे मी पाहत होते. तरीही कळा काही दिवसाची पाळी पाहून येत नाहीत. रात्रीच्या पाळीला मिडवाइफ नाही, हा या सेवेतील सर्वांत मोठा दोष आहे.

प्रसूती सकाळी झाली, तेव्हा मिडवाइफ परत आल्या होत्या. बाळाची वाट मोठी करण्यासाठी छेद घेतला नाही, पोटावर दाब दिला नाही. बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवले, वार पडण्यासाठी व रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले, नाळ मिनिटभर थांबूनच कापली आणि पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर पाजले गेले.

बाळंतिणींच्या कक्षात मात्र मिडवाइफ फिरकत नाहीत. बाळाला नीट पाजायचे कसे, टाके असतील तर त्यांची काळजी काय घ्यायची, हे तेथे आयाबायांकडूनच शिकावे लागते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे औषध, तपासणी आणि जेवणाला पैसे पडले नाहीत. घरी सोडणारी गाडी मात्र बरीच खोळंबून मिळाली.

नवव्या महिन्यातील तपासणीलाच मिडवाइफच्या पाळ्या विचारून घ्याव्यात आणि सोबतीला शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, धीराची बाई न्यावी. आत एकाच बाईला थांबू देतात. कार्ड, आधीचे रक्ताचे अहवाल आणि सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत ठेवावेत, कारण दारातच ते मागितले जातात.