काठी, खोका आणि उशिरा आत गेलेला भोवरा

पोरगा अमेरिकेत असला की सावदा-फैजपूरकडच्या आईबापांना नायगारा घडतोच. आम्हालाही घडला. पण परत आल्यापासून मी पारावर सांगत बसतो ते नायगाऱ्याचं नाही. तिथून गाडीने दीडेक तासावर रॉचेस्टर गाव आहे, तिथल्या खेळण्यांच्या म्युझियमचं सांगतो. नाव ‘द स्ट्राँग नॅशनल म्युझियम ऑफ प्ले’. तिकीट सूनबाईने काढलं. मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि गप्प बसलो.

आत शिरताना सवयीने हात मागे बांधले. आपल्याकडच्या एका संग्रहालयात काचेला बोट लावलं म्हणून पहारेकऱ्याने मला, सहलीच्या मास्तरालाच, साठ पोरांसमोर झापलं होतं. इथे बहुतेक गोष्टी हात लावण्यासाठीच मांडल्यात. नातवाला हे सांगावं लागलं नाही, मला दोनदा सांगावं लागलं.

हे उभं राहिलं एका बाईच्या हौसेतून. मार्गारेट वुडबरी स्ट्राँग, जन्म 1897, पैसेवाल्या घरची एकुलती एक लेक. लहानपणी आईबापांबरोबर देशोदेशी फिरायची तेव्हा तिच्या हातात एक छोटी पिशवी असायची. बाहुल्या, खेळणी, जे आवडेल ते तिच्यात टाकायची मुभा. पिशवीचं पुढे घर झालं, घरही पुरेना. घरच्यांनी कोडॅकमध्ये फार आधी पैसे घातले होते, त्यामुळे हौसेला तोटा नव्हता. आपल्या लग्नाचे फोटो ज्या रोलवर निघाले ती कोडॅक याच गावची. बाई 1969 साली गेल्या, म्युझियम लोकांसाठी उघडलं 1982 साली. हजारो बाहुल्या जमवून ठेवल्यात. आमची मंडळी त्या बाहुल्यांपुढून हलेनात. भुलाबाई मांडणाऱ्या बाईला बाहुली म्हणजे नुसतं खेळणं नसतं, हे सूनबाईला तिथे समजावून सांगावं लागलं.

पोरांच्या उंचीचं एक किराणा दुकानही आहे. छोटी ढकलगाडी घ्यायची, माल भरायचा, गल्ल्यावर स्वतःच स्कॅन करायचा. नातवाने प्लास्टिकची केळी घेतली. एक डाग नाही, देठ ताठ. रावेरच्या केळी-व्यापाऱ्याने त्यातही कट्टी, म्हणजे वजनात कपात, मागितली असती म्हणा.

1918 सालची लाकडी घोड्यांची चक्री अजून फिरते. तिचे पैसे वेगळे. सारंगखेड्याच्या यात्रेत खऱ्या घोड्याजवळ न जाणारी आमची मंडळी या घोड्यावर दोनदा बसली. पोरगा मात्र जुन्या पिनबॉलला असा चिकटला की दशम्या खायला त्याला हाताला धरून ओढून न्यावं लागलं. वय चाळीस.

आता मुख्य गोष्ट. तिथे ‘टॉय हॉल ऑफ फेम’ आहे. म्हणजे दरवर्षी निवडक खेळण्यांना मानाचं पान देतात. हा मान 1998 पासून सुरू झाला. पहिल्याच खेपेला बार्बी आत, लेगो आत, आणि आपल्या गोट्याही आत. बरं वाटलं. पुढे जातो तर 2005 साली पुठ्ठ्याचा खोका! 2008 साली काठी! नुसती काठी, झाडाची. 2021 साली वाळू. मी पाटीपुढे उभा राहून हसायला लागलो, तशी सूनबाई घाबरून पाणी घेऊन आली.

आमच्याकडे दुसरं होतं काय हो? ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी. केळीच्या पानाच्या दांड्याला तिरपे काप द्यायचे, काप उभे करायचे आणि वरून सपकन हात फिरवायचा, फटाफट आवाज निघे. तापीच्या वाळूत विहिरी खणायच्या. विटीदांडू म्हणजे तरी काय, एक मोठी काठी आणि एक छोटी. आणि त्याच दांडूने मी वर्गात पोरांचे हात शेकले, विट्या जप्त करून कपाटात कुलूप लावून ठेवल्या. निवृत्त झालो तेव्हा कपाट रिकामं करताना त्या बंबात गेल्या.

एक मात्र पटलं नाही. भोवऱ्याला आत घ्यायला 2022 साल उजाडलं. 1959 साली बाजारात आलेली बार्बी पहिल्या पंगतीला आणि हजारो वर्षं फिरणारा भोवरा चोवीस वर्षं ओट्यावर! निवडणाऱ्यांनी कधी हातावर भोवरा घेतलेला दिसत नाही.

जाणार असाल तर सकाळी उघडताच जा आणि अख्खा दिवस ठेवा. नायगाऱ्याहून येता-जाता तासभर डोकावू म्हणाल तर जाऊच नका. सगळं छपराखाली आहे, त्यामुळे बर्फाच्या दिवसांतही चालेल. पोरांचा कल्ला असतो. ज्यांना कानाचं यंत्र आहे त्यांनी माझ्यासारखं ते खिशात ठेवावं.

नातू परवा व्हिडिओवर विचारत होता, “आबा, तुम्हाला खरंच हातावर घेता येतो का?” सुताराकडून बाभळीचा भोवरा करून घेतलाय, खालची आर चांगली बसलीय, जाळीही, म्हणजे गुंडाळायची दोरी, वळून ठेवलीय. आपल्याकडचं कोणी दिवाळीच्या आत तिकडे जाणार असेल तर सांगा, बॅगेत फार जागा लागणार नाही.