शुक्रवारची प्रशिक्षण-सभा: आखणी घरची की पुस्तिका तयार?

आठवड्याच्या मधली सभा केवळ प्रार्थनेपुरती न ठेवता सभासदांना सेवाकार्यासाठी तयार करणारी असावी, असे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत एकदा ठरले की लगेच पुढचा प्रश्न येतो: दर शुक्रवारचा कार्यक्रम आपला आपण आखायचा, की एखादी छापील पुस्तिका घेऊन तिच्या क्रमाने चालायचे? पुण्यातील आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे दोन्ही प्रकार होऊन गेले आणि दोन्ही वेळा आखणीची वही माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे लिहिले आहे ते अनुभवाचे बोल समजावेत. दुसऱ्या मंडळीत चित्र वेगळे असू शकेल.

घरच्या आखणीची मोठी जमेची बाजू अशी की ती आपल्या माणसांच्या मापाची होते. आमच्याकडील काही भगिनी ससून रुग्णालयात रुग्णांच्या भेटीला जातात. खाटेजवळ किती वेळ थांबावे, प्रार्थना कोणत्या आवाजात करावी, शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या आईने 'आमच्यासाठीही करा' म्हटले तर काय करावे, हे त्यांचे खरे प्रश्न होते आणि त्यांवर एक अख्खी सभा घेता आली. कोणत्याही छापील पाठात इतके नेमके काही मिळाले नसते. दुसरे म्हणजे, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांपासून मराठी मंडळीला लाभलेल्या भजनाच्या परंपरेला या आखणीत ऐसपैस जागा राहते. पेटी आणि टाळ निघाले की घड्याळाकडे कोणी पाहत नाही, आणि ज्यांना भाषण करता येत नाही त्यांना साक्ष देण्याची, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगण्याची, एक वाट मिळते. १९०५ च्या संजीवनाच्या, म्हणजे धार्मिक जागृतीच्या, काळात पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधून मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जात, त्या काही छापील पाठ्यक्रम पूर्ण करून निघाल्या नव्हत्या, असे आमच्या मंडळीतले एक ज्येष्ठ वडील नेहमी सांगतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही.

तयार साहित्यात मला दोन जाती दिसल्या. पहिली, विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षणाची. ग्वाटेमालातील प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ मध्ये सुरू केलेली ही पद्धत आपल्या देशात बंगळुरूच्या टाफ्टी संस्थेमुळे १९७१ पासून रुजली. सभासदाने घरी पाठ सोडवायचा, आठवड्यातून एकदा गटात बसून चर्चा करायची आणि मधल्या दिवसांत शिकलेले प्रत्यक्ष सेवेत वापरायचे, अशी तिची तीन पायांची रचना आहे. अभ्यासाला ती उत्तम आहे. मात्र घरचा पाठ राहिला की सभासद सभेलाच येत नाही, ही तिची अडचण. दुसरी जात मिनिटे बांधून दिलेल्या कार्यपुस्तिकेची. तिचे सर्वांत काटेकोर रूप यहोवाचे साक्षीदार या वेगळ्या पंथाकडे पाहायला मिळते. त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मूळ सिद्धान्तावरच त्यांचे नि आमचे पटत नाही, तरी त्यांची आखणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९४३ पासून ते सभासदांना बोलायला शिकवणारी प्रशाला चालवत होते. जानेवारी २०१६ पासून तिच्या जागी एक कार्यपुस्तिका आली. गीत-प्रार्थनेसह पावणेदोन तासांची सभा, प्रत्येक भागापुढे छापलेली मिनिटे, चार मिनिटांचे बायबल वाचन, दोघांनी मिळून करायची संभाषणाची छोटी प्रात्यक्षिके आणि त्यानंतर लगेच अध्यक्षांचा थोडक्यात सल्ला. आम्ही त्यांचे साहित्य घेतले नाही, पण आमच्या मंडळीला चालेल अशी, मिनिटे नेमून दिलेली पुस्तिका निवडली.

माझा कौल ज्या गोष्टीने ठरला ती तशी किरकोळ आहे: ऐनवेळचा निरोप. शुक्रवारी दुपारी फोन येतो की हिंजवडीतली शिफ्ट बदलली आहे, किंवा घरी गावाहून पाहुणे आले आहेत, आणि आजचा भाग घेता येणार नाही. घरच्या आखणीत हा फोन म्हणजे सभेला पडलेले भगदाड असे, कारण विषय, वचने आणि उदाहरणे ज्याच्या डोक्यात होती तोच येणार नसे. मग अर्धा तास कोण भरणार? ज्यांना आयत्या वेळी उभे राहता येते तेच दोघे-तिघे. दर वेळी तेच बोलले की बाकीचे ऐकणारेच राहतात, आणि बायबलमधील इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पवित्र जनांना, म्हणजे सर्व विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कार्यासाठी सिद्ध करण्याविषयी जे म्हटले आहे ते दोघा-तिघांपुरतेच उरते. पुस्तिका आल्यापासून तो फोन यायचा थांबलेला नाही, पण त्याची धास्ती गेली. तेच पान प्रत्येकाच्या घरी आधीपासून असते. भाग चार मिनिटांचा असतो. 'मावशी, आज रमेशचा भाग तुम्ही घ्याल का?' असे विचारले की मावशी चष्मा शोधत का होईना, हो म्हणतात. वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसणारी माणसे मी अशा बदली भागांमुळे पहिल्यांदा पुढे येऊन बोलताना पाहिली आहेत.

पुस्तिकेचा जाच नाही असे मात्र नाही. तिच्यातले प्रसंग परक्या गावचे वाटतात. त्यात कोणीतरी बागेचे फाटक उघडून दार ठोठावतो आणि घरमालक निवांत बोलत उभा राहतो. आपल्याकडे सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या रजिस्टरमध्ये नाव, फ्लॅट नंबर आणि काम लिहिल्याशिवाय लिफ्टपर्यंतही पोचता येत नाही. शिवाय भाषा कधी कधी इतकी अवघड मराठी असते की वाचणाऱ्याची जीभ अडखळते. आम्ही यावर साधा तोडगा काढला: वचन, मिनिटे आणि मुद्दा पुस्तिकेतलाच ठेवायचा, प्रसंग मात्र बदलायचा. पीएमपीच्या स्टॉपवरची ओळख, दवाखान्यातली रांग, ऑफिसच्या डब्याच्या वेळेतला प्रश्न असे प्रसंग भाग करणाऱ्यांनीच सुचवायचे. भजनासाठी महिन्यातला शेवटचा शुक्रवार आम्ही मोकळा ठेवला आहे, आणि त्या दिवशी पुस्तिका कपाटातच राहते.

ज्या मंडळीत येणारी माणसे दहा-बारा आहेत, सगळी एकाच वस्तीत राहतात आणि पाळकांच्या (पाद्रींच्या) हाताशी वेळ आहे, तिथे घरची आखणी अधिक गोड लागेल, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्यांची माणसे चिंचवड, वडगाव शेरी, हडपसर अशी चहूकडून येतात आणि उशिरा पोचतात, त्यांना मी भीत भीत का होईना, पुस्तिकाच सुचवीन. सुरुवात करताना प्रती थोड्या जास्त मागवाव्यात, कारण नवे येणारे नेहमी रिकाम्या हातांनी येतात. आणि प्रात्यक्षिकानंतर सल्ला देण्याचे काम पहिले काही महिने तरी पाळकांकडे देऊ नये. ते समोर बसले की बोलणारा जोडीदाराला सोडून त्यांच्याकडेच पाहत बोलतो.